छिन्नमनस्कतेचा रुग्ण आणि कुटुंबाचा डॉक्टर : खानदेशातील परिस्थितीच्या संदर्भात

मुलाला रात्र रात्र झोप नाही, अन्नावरची वासना गेली आहे, तो कोणाशी बोलत नाही आणि कामाला हात लावीत नाही, एवढीच तक्रार घेऊन खानदेशातील एखादे कुटुंब प्रथम डॉक्टरकडे येते. हा डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञ नसतो. रावेर, पारोळा अथवा शिरपूर अशा एखाद्या गावी वीस-पंचवीस वर्षे दवाखाना चालविणारा, त्याच घरातील आजीचा रक्तदाब आणि नातवाचा ताप पाहणारा असा तो गृहस्थ असतो. त्याने त्या वेळी ‘अशक्तपणा’ म्हणून जीवनसत्त्वांचे इंजेक्शन दिले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, म्हणजे पुढील वर्ष-दीड वर्षाचा मार्ग बहुधा ठरून जातो : भगत, देवस्थान, पुन्हा डॉक्टर, पुन्हा भगत, आणि अखेर एके दिवशी हातपाय बांधून जीपमधून जिल्ह्याच्या ठिकाणी नेणे. त्याने दार लोटून घेऊन आणखी पाच-सात प्रश्न विचारले, तर हाच मार्ग काही आठवड्यांचा होऊ शकतो. छिन्नमनस्कता अथवा स्किझोफ्रेनिया ह्या आजाराच्या रुग्णाची काळजी घेण्यात कुटुंबाच्या डॉक्टराचे स्थान नेमके कोणते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

आजाराच्या नावाविषयी प्रथम थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ह्या आजाराचे वर्णन ‘तरुण वयात येणारा बुद्धिऱ्हास’ अशा अर्थाच्या नावाने केले. १९०८ साली स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर ह्याने त्यास स्किझोफ्रेनिया हे नाव दिले. विचार, भावना आणि कृती ह्यांना एकत्र बांधणारे सूत्र तुटते, एवढेच त्या नावाने सुचवावयाचे होते. पुढे चित्रपटांतून व कादंबऱ्यांतून ‘एका देहात दोन माणसे’ असा त्याचा भलताच अर्थ रूढ झाला, आणि सुशिक्षितांच्या मनातूनही तो अद्याप गेलेला नाही. प्रत्यक्षात रुग्णाला कानात आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात किंवा अन्नात काही कालवतात अशी अढळ समजूत होते, बोलण्यातील दुवे निसटतात. ही लक्षणे ठळक असतात व ती औषधाने बहुधा आटोक्यात येतात. दुसऱ्या प्रकारची लक्षणे मुकी असतात. उत्साह मावळतो, चेहरा निर्विकार होतो, अंघोळ, कपडे, मित्र आणि शेतीचे काम ह्यांवरचे मन उडते. घरच्यांना ह्या मुक्या लक्षणांत आजार दिसत नाही, आळस दिसतो. पहिल्या प्रकारच्या लक्षणांमुळे रुग्णाला भगताकडे नेले जाते व दुसऱ्या प्रकारच्या लक्षणांमुळे त्याला बोलणी खावी लागतात, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा रुग्णांची संख्या किती असावी? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता, तथापि खानदेशाला लागून असलेले गुजरात व मध्य प्रदेश होते. प्रौढ लोकसंख्येत छिन्नमनस्कता व तत्सम तीव्र मनोविकार सर्वेक्षणाच्या वेळी असलेल्यांचे प्रमाण त्यात सुमारे ०.४ टक्के आढळले, आणि अशा रुग्णांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश उपचाराविना होते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाख व धुळे जिल्ह्याची सुमारे साडेवीस लाख होती. दोन्हींतील प्रौढांची संख्या चाळीस लाख धरली, तर रुग्णसंख्या सोळा हजारांच्या घरात जाते. हा केवळ हिशेब आहे, गणती नव्हे. परंतु त्यावरून असे दिसते की पाच हजार प्रौढांच्या गावात असे वीस रुग्ण असावयास हवेत. गावच्या डॉक्टरास त्यांपैकी दोन-तीनच ठाऊक असतील, तर उरलेले कोठे आहेत हा प्रश्न त्याने स्वतःस विचारावयास हवा.

संस्थांचा विचार केला तर हा प्रदेश दूरच पडतो. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांपैकी एकही खानदेशात नाही. जळगावहून ठाणे काय आणि नागपूर काय, अंतर चारशे किलोमीटरांच्या आसपासच. १९८९ साली धुळ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले व २०१८ साली जळगावास निघाले. त्यामुळे मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग जिल्ह्याच्या ठिकाणी आला, आणि खाजगी तज्ज्ञही दोन्ही शहरांत आहेत. तरीही सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा-यावलच्या पाड्यांतून अथवा साक्रीच्या पश्चिम भागातून तेथवर जाणे म्हणजे एका माणसाचा दिवस, दोघांची मजुरी आणि एसटीचे भाडे. हा खर्च एकदा झेपतो, पण दरमहा झेपत नाही, आणि हा आजार तर दरमहा लक्ष मागणारा आहे.

ह्या रुग्णांच्या बाबतीत पूर्वी कुटुंबाच्या डॉक्टराला फार थोडे काम होते. १९१२ च्या भारतीय वेड कायद्याखाली नातलगांच्या अर्जावरून रुग्णाला वेड्यांच्या इस्पितळात दाखल करून घ्यावयाचे तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम व दोन वैद्यकीय दाखले लागत. दाखल्यावर सही करणे व पुढे त्या नावाचा विसर पडणे, एवढाच डॉक्टराचा संबंध. १९५२ साली पॅरिस येथे डीले आणि डेनिकर ह्यांनी क्लोरप्रोमाझीनचा परिणाम नोंदविला आणि त्यानंतर चित्र पालटू लागले. रुग्ण घरी राहू शकतो असे ठरताच घरचा डॉक्टर आपोआप प्रसंगात सापडला. औषध इस्पितळाबाहेर आले, पण औषध देणाऱ्याची तयारी मात्र त्याच वेगाने बाहेर आली नाही.

ती तयारी करण्याचे प्रयत्न आपल्या देशात पुष्कळ आधी झाले, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात सहसा आणून दिली जात नाही. १९७५ च्या सुमारास चंदीगडच्या संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे व बंगळूरच्या संस्थेने साकलवाडा येथे प्राथमिक केंद्रांतील डॉक्टरांना व आरोग्यसेवकांना मानसिक आजार ओळखण्याचे शिक्षण देऊन पाहिले. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम ह्या अनुभवावर उभा राहिला, १९८५ ते १९९० ह्या काळात बेल्लारी जिल्ह्यात त्याचा प्रयोग झाला, आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ह्या रूपाने तो हळूहळू पसरत गेला. ह्या सर्व प्रयत्नांचा भर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर होता आणि अभ्यासक्रमाचा भर निदानावर. सरकारी अधिकाऱ्याची तीन वर्षांनी बदली होते. खाजगी दवाखाना चालविणारा डॉक्टर मात्र जागचा हलत नाही, आणि त्याला ह्या शिक्षणात फारसे कोणी बोलावले नाही. खानदेशातील तालुक्यांच्या गावी अशा डॉक्टरांत आयुर्वेद व होमिओपॅथी ह्या शाखांचे पदवीधर पुष्कळ आहेत. त्यांनी कोणती औषधे लिहावीत हा कायद्याचा निराळा प्रश्न आहे. परंतु पुढे सांगितलेल्या कामांपैकी बहुतेक कामांस मानसोपचाराचे औषध लिहून देण्याचा अधिकार लागतच नाही. त्यांस रुग्ण वर्षानुवर्षे नजरेसमोर असावा लागतो.

पहिले काम ओळखण्याचे. कुटुंबीय ‘वेड’ हा शब्द उच्चारीत नाहीत. ‘बाहेरचे झाले आहे’, ‘वारे लागले’, ‘अभ्यासाचा ताण पडला’ असे म्हणतात. पाहुण्यांसमोर, कंपाउंडरासमोर तर तेवढेही म्हणत नाहीत. म्हणून रुग्णाशी काही मिनिटे एकट्याने बोलणे अगत्याचे असते. ‘कोणी नसताना बोलणे ऐकू येते काय?’ हा प्रश्न साध्या स्वरात विचारला, तर बरेच रुग्ण उत्तर देतात. आजवर कोणी तो विचारलेलाच नसतो. त्या आवाजांचे हुकूम पाळावेसे वाटतात काय, जीव नकोसा होतो काय, हेही त्याच वेळी विचारावयास हवे. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांपैकी सुमारे पाच टक्के आत्महत्येने मरण पावतात. आजाराच्या पहिल्या काही वर्षांत, विशेषतः रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या काळात, हा धोका अधिक असतो. शेतावरच्या घरात कीटकनाशकाचा डबा कोठे ठेवला जातो, हे विचारणे घरच्या डॉक्टरालाच सुचते आणि शोभते.

ओळखण्याच्या ह्या कामाची दुसरी बाजू म्हणजे भलत्यालाच छिन्नमनस्कता न म्हणणे. ताप व बडबड असेल तर मेंदूज्वर, दारू अकस्मात तुटल्यावर दोन-तीन दिवसांनी येणारा भ्रम, गांजा, अपस्मार, थायरॉईडचा दोष, दम्यासाठी दिलेली स्टेरॉइडे, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत येणारा मनोविकार, ह्या सर्वांचे वरवरचे रूप सारखे दिसू शकते. शरीर प्रथम पाहणे हा डॉक्टराचा धर्म येथे तज्ज्ञालाही उपयोगी पडतो, कारण तज्ज्ञाकडे पोहोचेपर्यंत ताप उतरलेला असतो आणि दारूची हकीगत लपविलेली असते.

ह्यानंतर प्रश्न येतो तो भगताचा व देवस्थानाचा. जळगावच्या सीमेला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. सर्व धर्मांचे लोक तेथे मनोरुग्णांना घेऊन जातात. सप्तशृंगीच्या गडाची चैत्रातली पायी वारी तर खानदेशी घरांच्या रक्तातच आहे. अशा श्रद्धेची टवाळी करणारा डॉक्टर आपल्या हाताने रुग्ण गमावतो. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावर व मानसोपचारतज्ज्ञ ह्यांनी मिळून ‘दवा’ आणि ‘दुवा’ शेजारी शेजारी चालविण्याचा प्रयोग केला, तो ह्या दृष्टीने विचारार्ह आहे. मात्र सहिष्णुतेला एक स्पष्ट मर्यादा आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा २८ मनोरुग्ण जळून मेले. ते साखळदंडांनी बांधलेले होते. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारणे, साखळीने बांधणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने गुन्हा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवण्यास मनाई केली आहे. वारी खुशाल व्हावी, पण गोळ्यांची पुडी बरोबर असावी आणि अंगाला दोर लागू नये, एवढे डॉक्टराने घरच्यांना स्वच्छ सांगितले तर ते बहुधा ऐकले जाते.

परंतु कुटुंबाच्या डॉक्टराचे खरे काम तज्ज्ञाकडून रुग्ण परत आल्यावर सुरू होते, आणि वैद्यकीय शिक्षणात त्याचीच उपेक्षा झालेली आहे. औषध लागू पडते, पाच-सहा आठवड्यांत आवाज थांबतात, मुलगा पुन्हा केळीच्या बागेत जाऊ लागतो. घरचे म्हणतात, आता बरा झाला, गोळ्यांनी सुस्ती येते, त्या कशाला चालू ठेवावयाच्या? येथेच घात होतो. न्यूयॉर्क येथील रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८२ टक्के रुग्णांना पाच वर्षांच्या आत आजार पुन्हा उलटला, आणि औषध सोडणाऱ्यांत हा धोका जवळजवळ पाचपट होता. प्रत्येक उलटीनंतर पूर्ववत होण्यास अधिक काळ लागतो व काही जण पूर्ववत होतच नाहीत. म्हणून पहिल्या झटक्यानंतरही निदान एक-दोन वर्षे, आणि वारंवार उलटणाऱ्या आजारात त्याहून पुष्कळ अधिक काळ औषध चालू ठेवावे लागते. तज्ज्ञाची पुढील तारीख चुकली हे तज्ज्ञाला कळत नाही, त्याच्यापुढे रांग असते. गावच्या डॉक्टराला ते बाजारच्या दिवशी रस्त्यातच कळते. मुलगा पुन्हा रात्री फिरू लागला, पुन्हा दाढी वाढली, बोलताना मध्येच हसू लागला, ही चाहूल प्रथम त्यालाच लागू शकते. दर दोन ते चार आठवड्यांनी द्यावयाचे फ्लुफेनाझीन अथवा हॅलोपेरिडॉल ह्यांचे दीर्घकाल टिकणारे तेलातील इंजेक्शन तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरून गावातच देता आले, तर एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी हा सारा प्रश्नच हलका होतो. ह्या इंजेक्शनास शीतपेटीचीही गरज नसते.

ह्याच टप्प्यावर एक पेच उभा राहतो. पुस्तकांत त्याला जागा नसते, दवाखान्यात मात्र तो नित्याचा आहे. रुग्ण म्हणतो, मला काही झालेले नाही, मी औषध घेणार नाही. आई विचारते, ‘डॉक्टरसाहेब, चहात टाकून दिले तर चालेल ना?’ थेंबांच्या स्वरूपातील औषध मिळते, त्यास फारशी चव नसते, आणि अनेक घरांत ते वर्षानुवर्षे वरणातून व चहातून दिले जाते. अशा वेळी ‘हे बेकायदा आहे’ एवढे म्हणून हात झटकणे सोपे आहे. त्याने आईचे काम थांबत नाही, ती फक्त डॉक्टराला सांगणे थांबविते. मान डोलावून संमती देणेही तितकेच सोपे आहे, आणि अधिक घातक. कोणाच्याही नकळत दिलेल्या औषधाने जबडा आखडला, मान वाकडी झाली, तर रुग्णाला त्याचे कारण सांगता येत नाही व दुसऱ्या डॉक्टराला निदान होत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्याला आपल्या अन्नात काही कालवले जाते असा भ्रम आहे, त्याच्या अन्नात खरोखरच काही कालवले जात असते. एके दिवशी त्याला बाटली सापडते, आणि त्याच्या शंकेला पुरावा मिळतो. त्यानंतर त्याने घरातल्या कोणाच्या हातचे का खावे?

ह्या पेचातून निर्दोष वाट नाही. त्यातल्या त्यात कमी वाईट वाट अशी की, घरच्यांनी हे केले असल्यास त्यांना दोष न देता ते डॉक्टराने आपल्या व तज्ज्ञाच्या नोंदीत आणावे, आणि रुग्ण थोडा सावरताच औषधाची गोष्ट त्याच्यासमोर उघड करण्याचा दिवस ठरवावा. हे उघड करण्याचे काम आईवर टाकू नये. ते डॉक्टराने स्वतः करावे. झोप येत नाही, छातीत धडधडते, लोक त्रास देतात, ह्यांपैकी रुग्णाला स्वतःला जे दुःख वाटते त्यासाठी औषध घेण्यास तो पुष्कळदा तयार होतो. ‘तुला वेड लागले आहे’ हे कबूल करण्याची अट त्याला घालण्याचे कारण नसते. स्वतःच्या हाताने घेतलेली अर्धी गोळी ही चोरून पोटात गेलेल्या पूर्ण मात्रेपेक्षा दीर्घ हिशेबात अधिक मोलाची ठरते. अर्थात् जेथे जिवाचा धोका समोर उभा आहे, तेथे हा संयम चालणार नाही. अशा तातडीच्या प्रसंगी २०१७ च्या अधिनियमाच्या ९४ व्या कलमान्वये कोणताही नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक, नामनिर्दिष्ट प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो व रुग्णाला योग्य संस्थेत पोहोचविण्याची व्यवस्था करू शकतो. ह्या तरतुदीची माहिती असती, तर रात्री बारा वाजता दार न उघडणारे काही डॉक्टर कदाचित दार उघडतील.

रुग्णाच्या शरीराकडे वळल्यास कुटुंबाच्या डॉक्टराचे स्थान आणखी ठळक होते. छिन्नमनस्कतेचे रुग्ण सर्वसाधारण लोकांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षे आधी मरण पावतात. त्यांतील बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे रोग अशा सामान्य कारणांनी होतात. ओलान्झापीन व क्लोझापीन ह्यांसारख्या औषधांनी वजन व साखर वाढते. त्यात हालचाल कमी, तंबाखू अधिक, आणि छातीत दुखते म्हणून तक्रार केली तर ‘ह्याच्या डोक्यातले आहे’ म्हणून दुर्लक्ष. मनाचा डॉक्टर रक्तदाब मोजीत नाही आणि शरीराचा डॉक्टर मनोरुग्णाची तक्रार खरी मानीत नाही, ह्या दोहोंच्या मधल्या फटीत हा माणूस मरतो. वजन, कमरेचा घेर, रक्तदाब व साखर ह्यांची नोंद औषध सुरू करताना, पुढे तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी करणे ह्यास कोणतेही विशेष ज्ञान लागत नाही.

खानदेशापुरता एक मुद्दा तर स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत व क्वचित त्याहूनही वर जातो. मनोविकारावरील अनेक औषधे मेंदूतील तापमाननियंत्रण बिघडवितात. त्यांच्याबरोबर कंपासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल घाम कमी करते. शिवाय रुग्णाला तहानेची जाणीव राहीलच असे नाही, आणि काही रुग्ण भर उन्हाळ्यात अंगावर दोन-दोन सदरे घालून हिंडतात. म्हणून होळीनंतर आपल्या यादीतील प्रत्येक रुग्णाच्या घरी पाणी, सावली व कामाच्या वेळा ह्यांविषयी सूचना देणे हे येथील डॉक्टराचे हंगामी कर्तव्यच मानावयास हवे. ताप, अंग ताठणे, भान हरपणे ही लक्षणे एकत्र दिसली तर तो केवळ उष्माघातच असेल असे नाही. औषधाची एक विरळ पण प्राणघातक प्रतिक्रियाही तशीच दिसते. दोन्हींत उशीर परवडत नाही, आणि मनोविकाराचे औषध तत्काळ थांबवून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलविणे हाच मार्ग असतो.

तंबाखूचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बिडी-सिगारेटच्या धुरातील द्रव्यांमुळे यकृत क्लोझापीन व ओलान्झापीन ह्यांचा निचरा अधिक वेगाने करते. रुग्णाने बिडी एकाएकी सोडली तर तीच मात्रा अंगात साठून त्रासदायक होऊ शकते. चुना-तंबाखू खाणाऱ्यास हा नियम लागू नाही, कारण परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नव्हे. मग तो रुग्ण बिडी ओढतो की तंबाखू चोळतो, हे कोणास ठाऊक असते? क्लोझापीन घेणाऱ्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला व पुढे ठरावीक अंतराने मोजाव्या लागतात. ही तपासणीही तालुक्याच्या प्रयोगशाळेत होऊ शकते, मात्र त्या औषधावरील रुग्णाला घसा दुखून ताप आला तर तो साधा ताप समजू नये, एवढे त्या डॉक्टराला माहीत असले पाहिजे.

स्त्री-रुग्णांच्या बाबतीत सर्व प्रश्न अधिक कठीण होतात. ‘लग्न झाले की ताळ्यावर येईल’ ही समजूत दोन्ही जिल्ह्यांत सर्व जातींत आहे. लग्न ठरताच आजार लपविला जातो, गोळ्या माहेरी राहतात, आणि दोन-तीन महिन्यांत सासरी आजार उलटतो. काही औषधांनी मासिक पाळी थांबते, तिचा अर्थ घरात गर्भधारणा असा लावला जातो व पुढे निराशेचे खापर तिच्यावरच फुटते. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यातील मनोविकाराच्या व्याख्येत छिन्नमनस्कतेचा नावानिशी उल्लेख आहे. तथापि केवळ आजाराचे नाव घटस्फोटास पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली राम नारायण गुप्ता खटल्यात स्पष्ट केले. लग्नापूर्वी वधुपक्ष डॉक्टराकडे येतो तो ‘काही सांगू नका’ ही विनंती घेऊन. डॉक्टराने रुग्णाचे गुपित फोडू नये हे खरेच. परंतु खोट्या आरोग्याचा दाखला देऊ नये, औषध थांबवू नये आणि लपविण्याची किंमत मुलीलाच द्यावी लागते हे तिच्या बापाला समजावावे, एवढे त्याला करता येते.

कुटुंब हे ह्या आजारात ओझे वाहणारेही आहे व औषधही आहे. लंडन येथे जॉर्ज ब्राउन ह्यांनी दाखवून दिले की ज्या घरांत रुग्णावर सतत टीका व राग होतो, तेथे आजार अधिक लवकर उलटतो. पुढे चंदीगड येथील अभ्यासात भारतीय कुटुंबांत ही टीका लंडनपेक्षा कमी आढळली, आणि येथील रुग्णांची प्रकृती तुलनेने बरी राहते ह्याचे ते एक कारण असावे असा तर्क करण्यात आला. ही सवलत कायमची मिळाली आहे असे समजण्याचे कारण नाही. एकत्र कुटुंब विभागले, थोरला भाऊ नाशिकला गेला, म्हातारे आईबाप उरले, म्हणजे सहनशीलताही विभागली जाते. कुटुंबाच्या ह्या भाराला मराठीत वाचा फोडण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागेल, ते डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याचेच. ते कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारात स्वतः काळजीवाहकाची भूमिका निभावल्यावर त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांच्या ‘देवराई’ (२००४) ह्या चित्रपटामागेही त्यांचीच प्रेरणा होती. डॉक्टर नसलेल्या माणसाने, केवळ घरचा माणूस म्हणून, एवढे केले, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

घरी जाऊन काळजी घेण्याने काय साधते, ह्याची कसोटी सातारा, गोवा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम येथे एका अभ्यासात लावण्यात आली. त्याचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. २८२ रुग्णांपैकी १८७ जणांना तज्ज्ञाच्या उपचारांबरोबर स्थानिक, प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांच्या गृहभेटींची जोड देण्यात आली, व ९५ जणांना केवळ नेहमीचे उपचार. वर्षअखेर पहिल्या गटातील लक्षणे व अपंगत्व काहीसे अधिक कमी झाले, आणि हा लाभ तमिळनाडूच्या ग्रामीण केंद्रात सर्वांत अधिक दिसला. लाभ मध्यम स्वरूपाचा होता हे लपविण्याचे कारण नाही. परंतु जेथे दवाखाना दूर तेथे घरभेटीचे मोल वाढते, ही त्यातील सूचना खानदेशाला तंतोतंत लागू पडते.

कागदपत्रांचे कामही क्षुद्र मानू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मानसिक आजाराचे अपंगत्व ४० टक्के वा अधिक ठरल्यास प्रमाणपत्र मिळते, आणि त्याच्या आधारे संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. जिल्हा रुग्णालयाचा मंडळ-दिवस कोणता, कोणते जुने कागद लागतात, हे सांगणारा माणूस गावात नसल्यामुळेच अनेक घरे त्यापासून वंचित राहतात. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ह्या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. तोही दवाखान्याच्या भिंतीवर क्वचितच दिसतो.

ह्या सर्व कामांना लागणारे साधन म्हणजे एक वही. तीत रुग्णाचे नाव, इंजेक्शनाची तारीख, वजन, साखर, तज्ज्ञाची शेवटची चिठ्ठी आणि घरातील कोण औषध देते ह्याची नोंद असावी. खानदेशातील जुन्या डॉक्टरांपैकी काहींना वहीचीही गरज भासली नाही, सारे डोक्यात असे. पण ती पिढी आता निवृत्त होत आहे. त्यांची मुले शस्त्रक्रियेचे वा हृदयाचे तज्ज्ञ होऊन नाशिक-पुण्यास गेली, आणि बंद झालेल्या दवाखान्याशेजारचा औषधविक्रेता जुन्या चिठ्ठीवरून त्याच गोळ्या वर्षानुवर्षे देत राहतो. त्या रुग्णाला शेवटचे कोणी तपासले, हे विचारल्यास तो औषधविक्रेता ज्या डॉक्टराचे नाव सांगतो, त्याचा दवाखाना कधीच बंद झालेला असतो.